एपी पुन्हा पुन्हा पडतात? कंट्रोलरच्या उत्तराचा परतीचा रस्ता आधी बघा

वायफायचे ॲक्सेस पॉइंट (एपी) एका जागेवरून चालवणारा डबा म्हणजे कंट्रोलर. त्याच्या या बिघाडाचं लक्षण साधारण असं असतं. कंट्रोलर रीस्टार्ट होतो. काही ॲक्सेस पॉइंट थोड्या वेळात परत येतात, बाकीचे येतच नाहीत. त्यांचे दिवे लुकलुकत राहतात, कंट्रोलरच्या लॉगमध्ये त्यांच्या डिस्कव्हरी रिक्वेस्ट, म्हणजे कंट्रोलरला शोधणाऱ्या हाका, दिसत राहतात, पण जॉइन, म्हणजे प्रत्यक्ष जोडणी, काही होत नाही. मग कुणीतरी स्विचचा पोर्ट बंद-चालू करतं, कुणी केबल काढून परत लावतं, कुणी कंट्रोलरवर एखादा रूट (पॅकेट कुठल्या वाटेने पाठवायचं हे सांगणारी ओळ) हाताने काढून टाकतं आणि सगळं सुरळीत होतं. तिकीट बंद होतं. पुढे कधी वीज जाते किंवा फर्मवेअर अपडेट होतं, आणि तोच प्रकार पहिल्यापासून सुरू.

इथे मी फक्त अशा परत परत येणाऱ्या बिघाडाबद्दल लिहितोय. नव्याने बसवलेला कंट्रोलर पहिल्याच दिवशी चालत नसेल तर बहुतेक वेळा कुठेतरी आकडा चुकलेला असतो आणि तो तासाभरात सापडतो. चांगलं चाललेलं नेटवर्क अधूनमधून पडतं तेव्हा जास्त त्रास होतो, कारण तुम्ही बघायला जाता तोवर ते चालू झालेलं असतं.

या बिघाडांच्या मुळाशी बहुतेकदा एक गैरसमज असतो. कंट्रोलरवर दहा व्हीलॅनचे (एकाच तारेवरच्या वेगवेगळ्या आभासी नेटवर्कचे) दहा इंटरफेस असतात, प्रत्येकाला आयपी पत्ता, मास्क (पत्त्याचा किती भाग आपल्या नेटवर्कचा, म्हणजे सबनेटचा, ते सांगणारा आकडा) आणि गेटवे (सबनेटबाहेर जायचं दार) दिलेला असतो. हे बघून तो राउटर आहे असं वाटतं. तो राउटर नाही. पारंपरिक मांडणीत कंट्रोलर क्लायंटची, म्हणजे लॅपटॉप-मोबाइलची, पॅकेट एपीकडून टनेलमधून घेतो आणि त्या त्या व्हीलॅनमध्ये सोडून देतो. एका व्हीलॅनमधून दुसऱ्या व्हीलॅनमध्ये नेण्याचं काम वरच्या लेअर थ्री (राउटिंग करणाऱ्या) स्विचचं किंवा फायरवॉलचं. स्वतःच्या कामापुरता, म्हणजे एपीशी बोलणं, लॉगिन तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरला विचारणं, आयपी पत्ते आपोआप वाटणाऱ्या डीएचसीपीची विनंती पुढे पाठवणं, एनटीपीकडून वेळ घेणं यासाठी, कंट्रोलर एखाद्या साध्या सर्व्हरसारखाच असतो. फरक एवढाच की त्याला एकाऐवजी अनेक पाय, म्हणजे इंटरफेस, असतात.

आता अनेक पाय असलेल्या मशीनबद्दलची एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. विनंती कुठल्या पोर्टने आत आली यावरून उत्तराचा पोर्ट ठरत नाही. उत्तर निघताना मशीन फक्त रूट टेबल बघतं. समोरच्याचा पत्ता आपल्या एखाद्या इंटरफेसच्या सबनेटमध्ये बसत असेल तर पॅकेट थेट त्या इंटरफेसवरून जातं. नाहीतर एखादा स्टॅटिक रूट लागू होतोय का ते पाहिलं जातं. तेही नसेल तर डिफॉल्ट गेटवे. एकापेक्षा जास्त रूट जुळत असतील तर ज्याचा मास्क सर्वांत लांब तो जिंकतो. काही कंट्रोलरवर आलेल्या वाटेनेच उत्तर पाठवण्याची वेगळी सोय करता येते, पण ती चालू आहे असं गृहीत धरून पुढे जाऊ नका.

माझ्यासमोर आलेला बिघाड

एका ठिकाणी मला बोलावलं तेव्हा हा प्रकार पाचव्यांदा घडला होता. कंट्रोलरचा मॅनेजमेंट पत्ता १०.२०.१०.५, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १०.२०.१०.१. काही एपी त्याच व्हीलॅनमध्ये, म्हणजे १०.२०.१०.० मध्ये होते. बाकीचे दोन मजल्यांवर १०.२०.२०.० आणि १०.२०.२१.० मध्ये. रीस्टार्टनंतर पहिल्या गटातले सगळे परत यायचे, दुसऱ्या दोन गटांतला एकही नाही.

ही माहितीच अर्धं उत्तर होती. त्याच सबनेटमधल्या एपीला गेटवेची गरज लागत नाही, लांबच्या एपीला लागते. म्हणजे रेडिओ, लायसन्स, सर्टिफिकेट या सगळ्यांना बाजूला ठेवून थेट राउटिंगकडे वळायला हरकत नव्हती. तुमच्याकडे असा बिघाड आला तर सर्वांत आधी पडलेल्या आणि टिकलेल्या एपींची यादी सबनेटनुसार लावा. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि बरेच लोक ते करत नाहीत, लगेच लॉगमध्ये शिरतात.

कंट्रोलरच्या लॉगमध्ये दिसत होतं की डिस्कव्हरी रिक्वेस्ट आली आणि रिस्पॉन्स पाठवला. एपीच्या कन्सोलवर दिसत होतं की रिक्वेस्ट पाठवली आणि रिस्पॉन्स आला नाही. दोघंही खरं बोलत होते. मग कंट्रोलरच्या स्विचपोर्टवर मिररिंग लावून (म्हणजे तिथल्या पॅकेटची नक्कल घेऊन) यूडीपी पोर्ट ५२४६ पाहिला. एपी आणि कंट्रोलर ज्या कॅपवॅप प्रोटोकॉलने बोलतात त्यात नियंत्रणाची पॅकेट ५२४६ वर आणि क्लायंटचा डेटा ५२४७ वर असतो, त्यामुळे जॉइनच्या तक्रारीत पहिला पोर्ट पुरतो. एपीकडून पॅकेट येताना दिसलं. जाताना एकही नाही. कंट्रोलर म्हणतोय पाठवलं आणि या तारेवर ते नाही, तर ते दुसऱ्या तारेवर असणार.

दुसरी तार होती सर्व्हिस पोर्टची, म्हणजे फक्त देखभालीसाठी असलेल्या वेगळ्या पोर्टची. ती कुणीतरी देखभालीच्या सोयीसाठी ऑफिसच्या साध्या नेटवर्कला जोडली होती आणि तिच्यावर पत्ता डीएचसीपीने घेण्याची सेटिंग होती. तिथे मिररिंग लावल्यावर पॅकेट सापडलं: सोर्स १०.२०.१०.५, डेस्टिनेशन १०.२०.२०.३७. मॅनेजमेंटचा पत्ता घेऊन उत्तर सर्व्हिस पोर्टमधून बाहेर पडत होतं. पुढच्या फायरवॉलने ते टाकून दिलं आणि त्यात फायरवॉलची काहीही चूक नव्हती. ज्या संवादाची सुरुवात त्याने पाहिली नाही आणि ज्या सोर्सचा पत्ता त्या बाजूला असायलाच नको, ते पॅकेट त्याने अडवायलाच हवं.

रूट टेबल उघडलं तर डिफॉल्ट रूट दोन. एक आपण दिलेला, १०.२०.१०.१ कडे जाणारा. दुसरा सर्व्हिस पोर्टच्या डीएचसीपीने पत्त्याबरोबर दिलेला, आणि त्याचा मेट्रिक (पसंतीक्रमाचा आकडा) कमी. कमी मेट्रिकवाला जिंकतो.

मग दोन बिघाडांच्या मधले पंधरा-वीस दिवस हे चालायचं कसं? आधीच्या प्रत्येक वेळी कुणीतरी तो दुसरा डिफॉल्ट रूट हाताने काढला होता. तो बदल चालू टेबलापुरताच होता. कंट्रोलर रीस्टार्ट झाला की सर्व्हिस पोर्ट पुन्हा डीएचसीपीला विचारायचा, पुन्हा गेटवे मिळायचा, पुन्हा रूट बसायचा. चार वेळा टेबल दुरुस्त झालं, पण टेबलात ती ओळ लिहिणाऱ्याला कुणी हात लावला नाही. परत येणाऱ्या राउटिंगच्या बिघाडात मी आता हाच प्रश्न आधी विचारतो: ही ओळ कुणी लिहिली? डीएचसीपीने, एखाद्या स्टार्टअप स्क्रिप्टने, एखाद्या डायनॅमिक राउटिंग प्रोटोकॉलने, की माणसाने? बहुतेक टेबलांमध्ये रूटच्या शेजारी त्याचा उगम लिहिलेला असतो. तो रकाना वाचा.

दुरुस्ती सोपी होती. सर्व्हिस पोर्टवर डीएचसीपी बंद, पत्ता स्टॅटिक, गेटवे रिकामा. त्या पोर्टवरून ज्या एकाच सबनेटमधून देखभाल करायची त्याच्यापुरता एक स्टॅटिक रूट. सिस्कोच्या जुन्या एअरओएस कंट्रोलरवर तर ही शिस्त रचनेतच आहे: सर्व्हिस पोर्टला गेटवे देता येत नाही, आणि तिथे जे नेटवर्क रूट टाकता येतात ते फक्त सर्व्हिस पोर्टसाठीच असतात. बरेच जण त्या यादीत मॅनेजमेंटसाठी रूट टाकायला जातात आणि घोळ वाढवतात. सर्व्हिस पोर्टचा सबनेट मॅनेजमेंटच्या सबनेटपासून पूर्ण वेगळा ठेवा. एका बाजूला १०.२०.१०.० आणि दुसऱ्या बाजूला मास्क २५५.०.०.० लावलेला कुठलाही १० चा पत्ता, असं असेल तर १० ने सुरू होणारं सगळं जग सर्व्हिस पोर्टच्या शेजारी आहे असं कंट्रोलर समजतो.

या दुरुस्तीनंतर एक नवी तक्रार हमखास येते, ती आधीच सांगून ठेवतो. देखभालीच्या सबनेटमधल्या माणसाला सर्व्हिस पोर्टच्या पत्त्यावर कंट्रोलर उघडतो, पण मॅनेजमेंटच्या पत्त्यावर उघडत नाही. याचं कारण तेच आहे. त्या सबनेटकडे जाणारं प्रत्येक उत्तर आता सर्व्हिस पोर्टने निघतं, विनंती कुठूनही आलेली असो. त्या लोकांना एकच पत्ता द्या आणि तोच वापरायला सांगा.

त्याच दुखण्याची इतर रूपं

रेडियसच्या बाबतीत हेच वेगळ्या वेषात येतं. समजा रेडियस सर्व्हर १०.२०.५०.१५ वर आहे आणि सगळं चाललंय. कुणीतरी नव्या एसएसआयडीसाठी (वायफायच्या नावासाठी) कंट्रोलरवर व्हीलॅन ५० चा इंटरफेस तयार करतो आणि त्याला १०.२०.५०.५ पत्ता देतो. त्या क्षणापासून रेडियस सर्व्हर कंट्रोलरच्या थेट शेजारी आला. विनंत्या गेटवेवरून न जाता त्या नव्या इंटरफेसमधून जाऊ लागतात. सर्व्हर उत्तर देतो ते मॅनेजमेंटच्या पत्त्याला, म्हणजे स्वतःच्या गेटवेमार्फत, मध्ये फायरवॉल असेल तर त्याला अर्धाच संवाद दिसतो. मग लॉगमध्ये सर्व्हर प्रतिसाद देत नाही अशी नोंद येते आणि सगळा दोष सर्व्हरवर जातो. कंट्रोलरला स्वतः ज्या सर्व्हरशी बोलावं लागतं त्याच्या सबनेटमध्ये कंट्रोलरचा क्लायंट इंटरफेस ठेवू नये, असं सिस्कोच्या मार्गदर्शनातही आहे. नवा इंटरफेस जोडण्याआधी रेडियस, डीएचसीपी, सिसलॉग (लॉग साठवणारा) आणि एसएनएमपी (देखरेख करणारा) सर्व्हरचे सबनेट एकदा डोळ्याखालून घाला.

सॉफ्टवेअर कंट्रोलर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणाऱ्या प्रणालीत) चालवत असाल तर आणखी एक पाय नकळत वाढतो. डॉकरचा डिफॉल्ट ब्रिज (आतलं आभासी नेटवर्क) होस्टवर, म्हणजे डॉकर चालवणाऱ्या मशीनवर, १७२.१७.०.० हा सबनेट १६ बिटांच्या मास्कने (२५५.२५५.०.०) घेतो, आणि पुढची नेटवर्कं १७२.१८ वगैरे. तुमचे एपी खऱ्या जगात १७२.१७.४.० मध्ये असतील तर त्यांना जाणारं उत्तर होस्टमधून बाहेरच पडत नाही, ते आतल्या ब्रिजवर हरवतं. एक मजला पडलाय, बाकी सगळं ठीक, आणि एपी बदलूनही फरक नाही, असं मी पाहिलंय. होस्टचं रूट टेबल उघडलं की ही ओळ समोरच असते. डॉकरच्या कॉन्फिगमध्ये ब्रिजचा सबनेट बदला. अशाच कंट्रोलरमध्ये दुसरी एक खोच: कंट्रोलर एपींना आपला पत्ता म्हणून कंटेनरच्या आतला पत्ता कळवतो. एपी पहिल्यांदा जोडला जातो, सेटिंग घेतो आणि लगेच तुटतो. अशा वेळी कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये बाहेरून दिसणारा पत्ता स्वतः लिहून द्यावा लागतो.

मास्क चुकलेला, तरी वर्षभर चाललेला

स्विच बदलल्यावर एपी पडले, जुना स्विच परत लावला की चालू, अशी तक्रार आली तर नव्या स्विचला नावं ठेवण्याआधी एपीचा मास्क बघा. एपीला हाताने पत्ता दिलेला असतो, १०.२०.२०.३७, आणि मास्क २५५.२५५.२५५.० ऐवजी २५५.२५५.०.०. त्या मास्कनुसार १०.२०.१०.५ वरचा कंट्रोलर एपीला स्वतःच्याच सबनेटमध्ये वाटतो. तो गेटवेकडे जातच नाही, थेट आर्पची (आयपीवरून मॅक, म्हणजे यंत्राचा हार्डवेअर पत्ता, विचारणारी) हाक मारतो: १०.२०.१०.५ कुणाचा? कंट्रोलर दुसऱ्या व्हीलॅनमध्ये, त्याच्यापर्यंत हाक पोचत नाही. पण जुन्या स्विचवर प्रॉक्सी आर्प चालू होतं. स्विच कंट्रोलरच्या वतीने स्वतःचा मॅक पत्ता देऊन मोकळा व्हायचा, पॅकेट पुढे जायचं आणि चूक झाकली जायची. नव्या स्विचवर प्रॉक्सी आर्प बंद, त्यामुळे उत्तर नाही.

ओळखायची खूण स्पष्ट आहे. एपीचं आर्प टेबल उघडा. वेगवेगळ्या सबनेटमधल्या अनेक आयपींसमोर एकच मॅक पत्ता दिसत असेल तर प्रॉक्सी आर्पच्या कुबडीवर सगळं उभं आहे. नव्या स्विचवर प्रॉक्सी आर्प चालू करून वेळ मारून नेऊ नका. मास्क दुरुस्त करा.

मास्कचाच दुसरा प्रकार क्लायंटच्या बाजूला दिसतो आणि त्याचं वेळापत्रकच फसवं असतं. सकाळी सगळ्यांना नेट मिळतं, गर्दी वाढली की नव्याने येणाऱ्यांना मिळत नाही, संध्याकाळी परत सगळं ठीक. लोक म्हणतात एपीवर लोड येतोय, आणखी एपी विकत घेऊ. त्याआधी ज्याचं नेट चालत नाही त्याचा आयपी बघा. एकदा मला सगळ्या तक्रारी १०.२०.४१ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांच्या सापडल्या, १०.२०.४० चा एकही नाही. आधी तिथे १०.२०.४०.० हा २४ बिटांच्या मास्कचा (२५५.२५५.२५५.०) सबनेट होता. पत्ते पुरेनात म्हणून कुणीतरी डीएचसीपीचा स्कोप (वाटायच्या पत्त्यांचा पट्टा) २३ बिटांचा केला, म्हणजे ४०.० पासून ४१.२५५ पर्यंत, वापरता येणारे पत्ते २५४ चे ५१० झाले. पण स्विचवरचा व्हीलॅन इंटरफेस २४ बिटांवरच राहिला. सर्व्हर पत्ते क्रमाने वाटत होता, त्यामुळे पहिल्या अडीचशे माणसांना काहीच जाणवायचं नाही. पुढच्याला ४१ चा पत्ता मिळायचा, त्याच्यासाठी आलेलं उत्तर स्विचपर्यंत पोचायचं आणि स्विचला ४१ कुठे आहे तेच माहीत नसायचं. सबनेट वाढवायचा तर चार ठिकाणी वाढवा: डीएचसीपीचा स्कोप, स्विचचा व्हीलॅन इंटरफेस, कंट्रोलरचा त्या व्हीलॅनचा इंटरफेस, आणि फायरवॉलवरचा परतीचा रूट. चौथं ठिकाण सर्वांत जास्त विसरलं जातं.

डीएचसीपी अडतं तेव्हा

क्लायंटला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला म्हणजे त्याला डीएचसीपीकडून काही मिळालं नाही, त्याने स्वतःच स्वतःला पत्ता दिला. पासवर्ड बरोबर, सिग्नल चांगला, आणि पत्ता असा. कंट्रोलरवर डीएचसीपी प्रॉक्सी चालू असेल तर कंट्रोलर क्लायंटची विनंती स्वतः उचलतो आणि त्या व्हीलॅनच्या आपल्या इंटरफेसच्या पत्त्यावरून सर्व्हरकडे पाठवतो. त्यात रिले एजंट (विनंती पुढे पोचवणारा मध्यस्थ) म्हणून तोच पत्ता लिहिलेला असतो. सर्व्हर त्या पत्त्यावरून कुठल्या स्कोपमधून द्यायचं ते ठरवतो आणि उत्तरही त्याच पत्त्यावर पाठवतो. म्हणजे सर्व्हरला क्लायंटच्या व्हीलॅनचा परतीचा रूट हवा. मॅनेजमेंटच्या पत्त्यावरून सर्व्हर पिंग होतोय म्हणून निश्चिंत होऊ नका. पिंग करताना सोर्स म्हणून त्या व्हीलॅनचा इंटरफेस निवडा, तरच ती चाचणी खरी.

एपीला कंट्रोलरचा पत्ता कळतो कसा

लांबच्या सबनेटमधल्या एपीची हाक ब्रॉडकास्टने कंट्रोलरपर्यंत पोचत नाही. त्याला पत्ता डीएचसीपीच्या ऑप्शन ४३ मधून (डीएचसीपीच्या उत्तरातली एक जादा नोंद), डीएनएसमधल्या ठरावीक नावावरून किंवा आधी जोडलेल्या कंट्रोलरच्या आठवणीतून मिळतो. ही आठवण हाच सापळा आहे. ऑप्शन ४३ चुकलेला असला तरी जुने एपी आठवणीवर चालत राहतात. नवा किंवा फॅक्टरी रीसेट केलेला एपीच तेवढा अडतो आणि सगळे म्हणतात हा एपीच खराब.

सिस्कोच्या लाइटवेट (कंट्रोलरवर चालणाऱ्या) एपीसाठी ऑप्शन ४३ मधली मांडणी अशी असते: आधी प्रकार, हेक्समध्ये (१६ च्या पायाच्या आकड्यांत) एफ१. मग लांबी, म्हणजे कंट्रोलरची संख्या गुणिले चार. मग पत्ते, हेक्समध्ये. १०.२०.१०.५ या एका कंट्रोलरसाठी ते होतं एफ१ ०४ ०ए १४ ०ए ०५. दोन कंट्रोलर असतील तर ०४ चं ०८ होतं आणि पुढे दुसरा पत्ता येतो. दुसरा कंट्रोलर जोडताना लांबी बदलायची राहते, हे वारंवार दिसतं. त्याहून वारंवार दिसणारी चूक म्हणजे दशमान आकडे तसेच उतरवणं: एफ१ ०४ १० २० १० ०५. हेक्समधले १० म्हणजे १६ आणि २० म्हणजे ३२, त्यामुळे बिचारा एपी १६.३२.१६.५ या पत्त्यावर हाका मारत बसतो. फायरवॉलच्या लॉगमध्ये एपीकडून असल्या अनोळखी पत्त्याकडे ५२४६ वर जाणारी पॅकेट दिसली की हीच चूक समजा. युनिफाय या दुसऱ्या ब्रँडच्या एपीसाठी हाच ऑप्शन ०१ ०४ ने सुरू होतो. दोन्ही प्रकारचे एपी एकाच व्हीलॅनमध्ये ठेवून एकच ऑप्शन दोघांना लावला तर एक जण उपाशी राहणार. त्यांचे व्हीलॅन वेगळे करा, किंवा सर्व्हरवर व्हेंडर क्लासनुसार (एपी स्वतःच्या प्रकाराची जी ओळख पाठवतो तिच्यानुसार) वेगळी उत्तरं ठेवा.

उरलेलं, थोडक्यात

कंट्रोलरच्या व्हर्च्युअल इंटरफेसला (पाहुण्यांचं लॉगिन पान ज्याच्यावर उघडतं त्याला) १.१.१.१ हा पत्ता देण्याची जुनी पद्धत होती. २०१८ च्या एप्रिलपासून तो क्लाउडफ्लेअरच्या सार्वजनिक डीएनएसचा पत्ता आहे, त्यामुळे ज्याच्या लॅपटॉपवर तो डीएनएस लावलेला आहे त्याची गाठ भलत्याच ठिकाणी पडते आणि पाहुण्यांचं लॉगिन पान उघडत नाही. १९२.०.२.१ वापरा, तो पट्टा आरएफसी ५७३७ या इंटरनेटच्या दस्तऐवजाने उदाहरणांसाठी राखून ठेवलाय. एकाच मोबिलिटी ग्रुपमधल्या (फिरणारा क्लायंट एकमेकांकडे सोपवणाऱ्या) सगळ्या कंट्रोलरवर व्हर्च्युअल पत्ता एकच हवा, एकावर बदलला तर सगळ्यांवर बदला. हा बदल रीस्टार्ट मागतो, तेव्हा वेळ ठरवून करा.

कंट्रोलरवर मॅनेजमेंट व्हीलॅन १० टॅग केलेला (पॅकेटवर व्हीलॅनचा क्रमांक लावलेला) आणि स्विचच्या ट्रंकवर (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या पोर्टवर) नेटिव्ह, म्हणजे टॅगशिवाय जाणारा, व्हीलॅनही १०, अशी जोडी असेल तर स्विच टॅगशिवाय पाठवतो आणि कंट्रोलर टॅगची वाट बघतो. पोर्टचा दिवा हिरवा, आर्प रिकामं. एका बाजूला बदल करा, दोन्हीकडे एकदम नको.

डुप्लिकेट पत्ता मात्र छळतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. कंट्रोलरचा स्टॅटिक पत्ता डीएचसीपीच्या पूलमधून वगळायचा राहिला, की कधीतरी तोच पत्ता एखाद्या प्रिंटरला जातो. गेटवेच्या आर्प टेबलमध्ये कधी कंट्रोलरचा मॅक, कधी प्रिंटरचा. सिस्को आयओएसमध्ये आर्पची नोंद डिफॉल्टने चार तास राहते, म्हणून बिघाड सुरू झाला की काही तास टिकतो आणि मग आपोआप गेल्यासारखा वाटतो. आपोआप बरं झालं असं म्हणून सोडून देऊ नका. बिघाड चालू असतानाच गेटवेवर १०.२०.१०.५ समोरचा मॅक वाचा आणि कंट्रोलरवर छापलेल्या मॅकशी अक्षर न अक्षर ताडून पाहा. पहिले तीन भागच वेगळे निघाले तर तो दुसऱ्याच कंपनीचा डबा आहे. स्विचच्या मॅक टेबलवरून तो कुठल्या पोर्टवर आहे ते दोन मिनिटांत कळतं. मग पूलमधून तो पत्ता वगळा, आणि प्रिंटरची लीजही (पत्ता ठरावीक मुदतीसाठी दिल्याची नोंद) रद्द करा. नुसता पूल बदलला तर काही ठिकाणी प्रिंटर जुना पत्ता लीज संपेपर्यंत धरून बसतो.

दुरुस्त झालं हे कधी म्हणायचं

एपी परत आले म्हणजे दुरुस्त झालं, असं या बिघाडात धरू नका. ते आधी चार वेळा परत आलेच होते. कॉन्फिग सेव्ह करा. रूट टेबल आणि आर्प टेबल तारीख घालून फाइलमध्ये उतरवून ठेवा. मग ठरवलेल्या वेळी, लोकांना कळवून, कंट्रोलर मुद्दाम रीस्टार्ट करा आणि टेबल पुन्हा उतरवा. दोन्ही फाइली शेजारी ठेवून ओळीला ओळ लावा. एखादी ओळ नव्याने आली असेल तर ती लिहिणारा अजून जिवंत आहे. डीएचसीपीचा संशय असेल तर निम्म्या लीजची वेळ उलटून गेल्यावरही एकदा बघा, कारण नूतनीकरणाची विनंती साधारण तेव्हा जाते. जोडी कंट्रोलर असतील तर दुसऱ्यावरही हीच परीक्षा घ्या. सर्व्हिस पोर्टची सेटिंग प्रत्येक डब्याची वेगळी असते, आणि पहिला पडल्यावर दुसऱ्याची चूक समजणं फार महाग पडतं.

ज्या ठिकाणचा प्रसंग वर सांगितला तिथे दुरुस्तीनंतर दोनदा मुद्दाम रीस्टार्ट केला, एकदा वीज आपणहून गेली. तिन्ही वेळा दोन्ही मजल्यांचे एपी परत आले. सर्व्हिस पोर्टच्या केबलला आता एक पिवळी पट्टी बांधलेली आहे. तिच्यावर लिहिलंय: पत्ता स्टॅटिक, गेटवे नाही, डीएचसीपी चालू करू नये.